बैठक आणि तारीख

गिरडसारख्या गावात संसार मोडायला लागला की आधी बैठक बसते. मुलीचा बाप, मुलाचा बाप, दोन्हीकडचे जाणते, मध्यस्थ म्हणून एखादा जुना सरपंच. चहा होतो, आवाज चढतात, उतरतात आणि काहीतरी ठरतं. न्यायालयाचं नाव निघतं ते शेवटी, आणि तेही धमकी म्हणून. समुद्रपूर तालुक्यातल्या या गावाला दर्ग्याच्या टेकडीमुळे लांबलांबचे लोक ओळखतात. पण इथल्या मुलीला नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर तिनं कोणत्या कचेरीची पायरी चढायची, हे गावातल्या शिकलेल्या माणसालाही नीट सांगता येत नाही.

खालचा संवाद मी रचलेला आहे. मामा शेतकरी, तंटामुक्त गाव समितीवर काही वर्षं बसलेले. भाची हिंगणघाटला वकिली करणारी. ज्या मुलीबद्दल ते बोलतात तीही कल्पनेतलीच: माहेर गिरड, सासर उमरेडकडचं, कडेवर दोन वर्षांचं लेकरू, आणि आठ महिन्यांपासून ती बापाच्या घरी. दोघांनाही तिचं भलं हवं आहे, म्हणून त्यांचा वाद मला लिहून काढण्याजोगा वाटला.

मामा : मी तुले सरळच विचारतो, पोरी. घरातलं भांडण कोर्टात काहून न्यायचं? 15 ऑगस्ट 2007 ले सरकारनंच तंटामुक्त गाव मोहीम काढली नं? गावातला तंटा गावात मिटवा, असंच सांगितलं होतं. आम्ही तेच करून राहिलो.

भाची : मिटवा ना, मामा. मी बैठकीच्या विरोधात नाही. मला एवढंच सांगा, परवाच्या बैठकीत ती मुलगी कुठं होती?

मामा : आत होती. लेकरू रडत होतं. तिचा बाप होता नं बाहेर.

भाची : आणि ठरलं काय?

मामा : पोरगा म्हणते, सध्या नेत नाही. मग कागद केला. दोघं राजीखुशीनं वेगळे राहतील, दिवाळीनंतर पुन्हा बसू. स्टॅम्पपेपरवर लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. तोंडी काही ठेवलं नाही आम्ही.

भाची : मामा, त्या एका ओळीनं तिचं किती नुकसान होऊ शकतं, ते ऐका. बायकोच्या पोटगीचा कायदा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की नवरा-बायको परस्पर संमतीनं वेगळे राहत असतील तर तिला या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. उद्या त्याचा वकील तुमचाच कागद न्यायाधीशांपुढं ठेवील. तिला घराबाहेर काढलं हे खरं असलं, तरी कागद म्हणतो ती राजीखुशीनं आली.

मामा : आम्ही तं चांगल्यासाठी लिहिलं होतं बाप्पा.

भाची : मला माहीत आहे. तो कागद दबावाखाली झाला, हे ती न्यायालयात सांगू शकते, आणि न्यायालय ऐकतं. पण जे तिला सिद्ध करायची गरजच नव्हती, ते आता तिच्यावर आलं.

इथं मला मामांची बाजू घ्यावीशी वाटते. असे कागद करणारी माणसं दुष्ट नसतात. वाद लिखित असावा, ही त्यांची भावना शहाणपणाची आहे. पण लिहिणाऱ्याला कायदा ठाऊक नसतो, आणि शब्द असे निवडले जातात की दोन्ही बापांचा मान राखला जावा. ‘हाकलून दिलं’ असं कुणी लिहीत नाही. मान राखण्याची किंमत आतल्या खोलीत बसलेली मुलगी देते.

मामा : बरं, मग सोडचिठ्ठीचं काय? आपल्याकडं कितीतरी समाजात पंचांसमोर काडीमोड होतो. कोर्टाचं तोंड कोणी पाहिलं नाही, आणि लोकांनी दुसरे संसार मांडले.

भाची : हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यानं रूढीनं होणारा काडीमोड पूर्ण बंद केला नाही, हे खरं. पण आपल्या समाजात अशी रूढी फार जुन्या काळापासून सलग चालत आलीय, हे पुराव्यानं दाखवावं लागतं. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या म्हणून लग्न संपत नाही. मग तो दुसरं लग्न करतो, ते लग्न कायद्यानं रद्दबातल ठरतं, आणि दुसऱ्या मुलीला पाच-सात वर्षांनी कळतं की ती बायको नव्हतीच. एका कागदानं दोन मुली फसतात.

मामा : म्हणजे नागपूरले जावं लागते. कुटुंब न्यायालय तिथंच आहे नं?

भाची : हाच गैरसमज आधी काढू या. पोटगीसाठी नागपूर नाही, समुद्रपूर. तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. नवरा उमरेडकडचा असला तरी ती आज जिथं राहते तिथं अर्ज चालतो. घटस्फोट किंवा पुन्हा नांदायला जाण्याचा अर्ज वेगळा. ज्या भागाला कुटुंब न्यायालयाची हद्द लागू आहे तिथं तो त्या न्यायालयात, नाहीतर वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांकडे. त्यातही 2003 च्या दुरुस्तीनंतर बायकोला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात जाता येतं. आपल्या अर्जाला कोणती इमारत, ते समुद्रपूरच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीत विचारायचं. तिथं उत्तर फुकट मिळतं.

मामा : मग ते कुटुंब न्यायालय आपल्या कामाचं काय?

भाची : त्यामागचा विचार कामाचा आहे. दुर्गाबाई देशमुख 1953 मध्ये चीनला गेल्या होत्या. तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहून आल्या आणि त्यांनी तो विषय छागला, गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींशी आणि पंडित नेहरूंशी बोलून काढला. कायदा व्हायला 1984 साल उजाडलं. आपल्या राज्यात पुणे आणि मुंबईची न्यायालयं 1989 मध्ये सुरू झाली. तिथं न्यायाधीशांचं पहिलं काम निकाल देणं नाही, समझोत्याची शक्यता पाहणं हे आहे. विवाह समुपदेशक असतात. त्यांच्याजवळ बोललेलं पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे माणूस मोकळं बोलतो. पक्षकारानं मागितलं तर बंद दाराआड सुनावणी होते. वकील हा तिथं हक्क नाही. न्यायालय परवानगी देतं तेव्हाच तो उभा राहतो.

मामा : आणि तालुक्याले यातलं काहीच नाही.

भाची : समुपदेशक नाही मिळणार कदाचित. पण दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976 मध्येच कौटुंबिक दाव्यांसाठी वेगळा आदेश घातलाय. साध्या दिवाणी न्यायालयानंही आधी समझोता करून पाहायचा, हवं तर बंद दाराआड ऐकायचं, समाजकार्यातल्या जाणकाराची, शक्यतो बाईची, मदत घ्यायची. तुम्ही बैठकीत जे करता तेच न्यायालयाला करायला सांगितलंय, मामा. फरक हा की तिथं मुलगी आतल्या खोलीत नसते.

मामा गप्प बसतील असं वाटत असेल तर तसं होत नाही. त्यांचा खरा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा आहे, आणि तो ऐकून घ्यायलाच हवा.

मामा : वकिलाची फी कोण देईन? तिचा बाप मक्त्यानं वावर करते. सोयाबीन काढणीच्या वेळी तारीख पडली की दोन माणसांची मजुरी बुडते. वरून एसटीचा खर्च.

भाची : फीचं सांगते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्यात स्त्रीला आणि बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका समितीत साधा अर्ज द्यायचा, किंवा 15100 वर फोन करायचा. कोर्ट फीचं म्हणाल, तर महाराष्ट्रानं 1 ऑक्टोबर 1994 पासून पोटगी, घटस्फोट, हिंसा आणि मालमत्तेच्या वादात स्त्रियांना ती माफ केलीय. एसटीत तिला अर्धं तिकीट. पुढची तारीख मोबाइलवरच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये दिसते. प्रकरणाचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक तेवढा लिहून ठेवायचा.

मामा : अन् बुडालेली मजुरी?

भाची : ती बुडते. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मामा : मग महत्त्वाचं विचारतो. पोराच्या नावावर एक गुंठा जमीन नाही. सातबारा त्याच्या बापाच्या नावावर. तो कोर्टात म्हणन, मी तं बेकार आहे, बापाच्या घरी जेवतो. आमच्या बैठकीत निदान आम्हाले माहीत असते, कोणाचं वावर किती, कापूस किती निघाला. न्यायाधीशाले काय माहीत?

भाची : हा प्रश्न आपल्याच शेजारून दिल्लीला गेला होता. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातलं प्रकरण, रजनेश विरुद्ध नेहा. 4 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यात निकाल दिला आणि साऱ्या देशासाठी नियम घालून दिला: पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी शपथपत्रावर उघड करायची. त्या शपथपत्राचे नमुने निकालाला जोडलेत, आणि त्यातला एक नमुना खास शेतीवाल्यांसाठी आहे.

मामा : शेतीवाल्यांसाठी वेगळा?

भाची : हो. त्यात विचारलंय, जमीन किती किंवा त्यात तुझा हिस्सा किती. कोरडवाहू की ओलिताची. वर्षभरात पिकं कोणती घेतलीस. गेल्या तीन वर्षांत जमिनीतून उत्पन्न किती आलं. कुणाची जमीन बटईनं किंवा मक्त्यानं केलीस का. गाई, म्हशी, बकऱ्या, कोंबड्या किती. दूध घालतोस का. जमिनीवर कर्ज किती. हिस्सा हा शब्द तिथं मुद्दाम आहे. वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा बापाच्या नावावर असला म्हणून मुलाचा हिस्सा नाहीसा होत नाही. आणि धडधाकट माणसानं मी बेकार आहे म्हटलं, तर न्यायालय त्याची कमावण्याची ताकद धरून रक्कम ठरवू शकतं.

मामा : त्यानं खोटं लिहिलं तर?

भाची : शपथेवर खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा. पण ते खोटं आहे हे दाखवायला माहीतगार माणूस लागतो. कापूस कोणत्या जिनिंगला गेला, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर घेतला, कोणत्या वर्षी खातेफोड करून भाऊ वेगळा झाला, हे मला हिंगणघाटला बसून कसं कळणार? बैठकीत तुम्हाला जे माहीत असतं, ते साक्षीत सांगा. पटवाऱ्याकडून सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला काढून द्या. गावाचं ज्ञान तिथं वापरायचं असतं.

या शपथपत्राबद्दल मी थोडं थांबतो, कारण मला ते या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत मोलाचं साधन वाटतं. बैठकीत पोटगीची रक्कम ठरते ती भीड, ओळख आणि आवाजाच्या जोरावर. मुलाचा बाप वजनदार असेल तर हजार, साधा असेल तर दोन हजार. शपथपत्र सगळ्यांना तोच प्रश्न विचारतं, आणि उत्तरावर सही घेतं. हे बाईलाही लागू आहे. तिलाही आपली कमाई, आपले दागिने लिहावे लागतात. तालुक्याच्या न्यायालयांत ही शपथपत्रं अजून पुष्कळदा अर्धवट भरून दिली जातात आणि तशीच स्वीकारली जातात. अर्जदारानं आणि तिच्या वकिलानं पहिल्याच तारखेला पूर्ण शपथपत्राचा आग्रह धरला, तर पुढच्या कितीतरी तारखा वाचतात.

मामा : तू निकाल सांगितला. त्या बाईनं अर्ज कधी केला होता, तेही सांग.

भाची : सप्टेंबर 2013.

मामा : आणि दिल्लीचा निकाल 2020 चा. सात वर्षं! तेही फक्त अंतरिम पोटगीचं. लेकरू शाळेत गेलं असन तोवर. अन् मले म्हणते कोर्टात जा.

भाची : नागपूरच्या न्यायालयानं ऑगस्ट 2015 मध्ये आदेश दिला होता. बायकोला महिना पंधरा हजार, मुलाला आधी पाच आणि मग दहा. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयालाही हा उशीर खटकला, म्हणूनच त्यांनी सांगितलं की शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगी ठरवा. कायदा तर त्याहून कमी सांगतो: नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवस. हे साठ दिवस पाळले जात नाहीत, हे मी रोज पाहते.

मामा : अन् आदेश झाला, त्यानं पैसे दिलेच नाही तं?

भाची : थकबाकीसाठी पुन्हा अर्ज. वॉरंट निघतं, मालावर जप्ती येऊ शकते, दर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. पण रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. दोन-तीन वर्षं वाट पाहून गेलेल्या बाया मी पाहिल्यात, त्यांची जुनी थकबाकी या मार्गानं वसूल करणं अवघड होतं.

मामा : म्हणजे बाई कोर्टाच्या मागं, अन् पोट्टा मोकळा.

भाची : पुष्कळदा तसंच होतं. मी ते नाकारत नाही. पण तुमच्या बैठकीनं ठरवलेला हजार रुपया त्यानं दिला नाही, तर तुम्ही काय करता?

मामा : पुन्हा बैठक लावतो.

भाची : तिसऱ्यांदा?

मामा : तिसऱ्यांदा पोराकडचे येत नाहीत.

भाची : माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, मामा. न्यायालय हळू चालतं. पण ते बोलावतं तेव्हा न येण्याची किंमत असते.

मामांना मारहाणीचा प्रश्न टाळता येत नाही, आणि मीही तो टाळणार नाही. हातपाय मोडेपर्यंत मार खाल्लेल्या मुलीला ‘जरा सांभाळून घे’ म्हणून परत पाठवणाऱ्या बैठका विदर्भात झाल्या आहेत आणि होतात. जिथं मार आहे तिथं आधी सुरक्षा, मग बोलणी. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी तिचा घटना-अहवाल लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे देतात. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत लावायची असते. सासरच्या घरात राहण्याचा हक्क, मारू नये म्हणून मनाई आणि खर्चाची रक्कम, सगळं एकाच अर्जात मागता येतं. त्या रात्री करायचा फोन 112, आणि सल्ल्यासाठी महिलांची हेल्पलाइन 181. यात समितीची परवानगी लागत नाही.

मामा : मारझोड नाही या प्रकरणात. मारझोड असती तर मीच ठाण्यात नेलं असतं. इथं मनं जुळत नाहीत, अन् मधात सासू आहे. नोटीस गेली की उरलेलं मन बी तुटते. हे तुह्या पुस्तकात नाही.

भाची : हे पुस्तकात नाही, पण खरं आहे. नोटीस पाहून चिडलेले नवरे मी पाहिलेत. नोटीस पाहून पहिल्यांदा बायकोशी नीट बोललेलेही पाहिलेत.

मामा : आणि लेकराचं? बापाले दोन वर्षाचं लेकरू दिसू नये, हे मले पटत नाही. आमच्या बैठकीत आम्ही हे आधी ठरवतो, दर पंधरा दिवसांनी त्यानं यावं, भेटावं.

भाची : यात तुम्ही आमच्या पुढं आहात. आमच्याकडे पोटगीवर चार तारखा होतात तेव्हा कुठं भेटीचा अर्ज निघतो, आणि तोवर लेकरू बापाला ओळखत नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे कायद्यानं मानलंय, पण बापाची भेट तोडा असं कुठंच म्हटलेलं नाही. भेटीचं तुम्ही ठरवलं ते मोडू नका. ते मात्र नीट लिहा.

मामा : टेकडीकडच्या मुसलमान घरातली एक पोरगी बी अशीच घरी आहे. तिले हा कायदा लागते का? त्याईचं वेगळं असते म्हणतात.

भाची : पोटगीचा हा अर्ज तिलाही आहे. 10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं, मोहम्मद अब्दुल समद यांच्या प्रकरणात, तेच पुन्हा स्पष्ट केलं: घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही कलम 125, म्हणजे आताच्या 144, खाली दाद मागता येते. लग्न मोडायचं असेल तर तिच्यासाठी 1939 चा वेगळा कायदा आहे. समुद्रपूरची पायरी तीच, विधी सेवेचा वकीलही तसाच फुकट.

मामा : मग तू म्हणते, आमची समिती बंदच करावी?

भाची : नाही. तुमच्यात समझोता झाला तर तो स्टॅम्पपेपरवर ठेवू नका, लोकअदालतीत न्या. दावा दाखल नसला तरी तिथं प्रकरण ठेवता येतं. तिथं झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलात येते, तिच्यावर अपील नाही, आणि पैसे दिले नाहीत तर वसुली होते. घटस्फोट तेवढा लोकअदालतीत देता येत नाही. त्यासाठी दोघांची संमती असेल तर वर्षभर वेगळं राहिल्यावर संयुक्त अर्ज, आणि सहा महिन्यांनी दुसरी तारीख. ती मुदत न्यायालय योग्य वाटल्यास माफ करतं, 2017 पासून.

मामा : मी असं म्हणतो. दिवाळीपर्यंत थांबू. नाही जमलं तर तुह्याकडं येतो.

भाची : थांबायचं तर थांबा, पण एक हिशेब लक्षात ठेवा. त्याच नागपूरच्या प्रकरणात ठरलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. निकाल तीन वर्षांनी लागो, मोजणी अर्जाच्या दिवसापासून. आठ महिने तिनं अर्ज केला नाही, ते आठ महिने गेले. दिवाळीपर्यंतचेही जातील. त्याच्याकडच्यांना पुढच्या बैठकीची घाई काहून नाही, याचं हे एक कारण असू शकतं.

मामा : हे मले कोणी सांगितलं नव्हतं.

भाची : अर्ज केला म्हणून तडजोड बंद होत नाही. निकालाच्या आदल्या दिवशीही मिटवता येतं. सोमवारी अर्ज देऊ आणि बैठकही लावा.

मामा : पोराचा बाप म्हणन, कोर्टात गेले, आता बैठक कशाची.

भाची : म्हणू शकतो.

मामा : मले पटलं नाही सगळं. नोटिशीनं मनं तुटतात, हे माझं मत कायम आहे. पण महिने बुडून राहिले हे बरोबर नाही. कागद कोणते लागतात, सांग.

भाची : लग्नपत्रिका किंवा नोंदणीचा दाखला, नसेल तर लग्नाचे फोटो. दोघांची आधार कार्डं, लेकराचा जन्मदाखला. सासरच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, ते ऑनलाइनही निघतात. तिला कधी, कसं घराबाहेर काढलं, ते तिच्या शब्दांत लिहिलेलं पान. आणि तुमचा तो राजीखुशीचा कागद, तोही आणा. लपवायचा नाही. तो कसा झाला, हे अर्जातच आधी सांगून टाकू.

मामा : साक्षीले मी येतो. कागद मीच लिहिला होता.

भाची : आणि बैठक लावाल तेव्हा ती बाहेर बसेल, लेकराला दुसरं कुणी घेईल.

मामा : पोराकडच्यांना आज संध्याकाळी फोन करतो. ते येतात का, ते त्याईचं त्याईनं पाहावं. सोमवारची पहिली एसटी कितीची आहे, ते तेवढं पाहून ठेव.